चौसष्ट कार्डांचं आभारप्रदर्शन

आमचं पाथरघळ हे जिल्ह्याच्या डोंगरी भागातलं पहिलं शंभर टक्के इंटरनेटने जोडलेलं गाव ठरलं, आणि तेही माझ्यामुळे. आता हे वाक्य विसरून जा. तसं काही घडलेलं नाही. न घडल्याची पाटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चार पितळी स्क्रूंनी बसवलेली आहे, पण पाटीकडे गावात कुणी बघत नाही. तुम्हीही बघू नका.

बघायचंच तर जीपकडे बघा. एकतीस मार्चला सकाळी अकरा वाजता ती शाळेच्या कुंपणाशी येऊन थांबली. टपावर पांढरा डबा, डब्याला दोन शिंगं. आतून पडताळणी अधिकारी वाघुळदे साहेब उतरले. पन्नाशी उलटलेले, बारीक, जळगावकडचे. चेहरा असा, की समोर घर पेटलं तरी हा माणूस आधी कागदावर तारीख टाकेल.

"नेट कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

सरपंच सर्जेबापूंनी माझ्याकडे बघितलं. मी ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक होतो. वय तेवीस. संगणक एक, तोही झाकलेला. मी भिंतीतून बाहेर आलेल्या केशरी पाईपाकडे बोट केलं.

तो पाईप दोन वर्षांपूर्वी आला होता, तालुक्यापासून बत्तीस किलोमीटर रस्ता उकरत. पाईपातून काचेची तार येणार होती आणि तारेतून जग. पण पाईप घालणारे वेगळे आणि तार घालणारे वेगळे, आणि तारवाले अजून यायचे होते. मधल्या काळात पाईपातून गांधीलमाश्या आल्या. त्या मात्र एकही दिवस खंड न पाडता येत होत्या.

साहेबांनी पाईप पाहिला, माश्या पाहिल्या. मग जीपच्या टपावरचा डबा चालू केला, हातातल्या मीटरचं बटण दाबलं आणि कागदावर आकडा लिहिला.

"बेचाळीस. उत्तम."

"साहेब, हा आकडा कशाचा?" मी विचारलं.

"तुमच्या गावात या क्षणी उपलब्ध असलेल्या इंटरनेटचा."

"पण ते तुमच्या जीपचं आहे."

"जीप कुठे उभी आहे?"

"गावात."

"मग?" साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "हे बघा, मोजलेला आकडा वर पाठवायला नेट लागतं. बऱ्याच गावांत ते नसतं. म्हणून आम्ही बरोबर घेऊन फिरतो."

सर्जेबापूंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "गप की रं. पाटी येतीया गावाला. पाटी आधी घिऊ, नेटाचं मागनं बघू."

आता गावाची अडचण सांगतो, नाहीतर पुढचं सगळं येड्यांचा बाजार वाटेल. डिसेंबरपर्यंत पाथरघळ 'नेट नसलेली गावं' या यादीत होतं. त्या यादीतल्या गावांना वहीत सही-अंगठा करून रेशन मिळायचं. जानेवारीत आमचं नाव त्या यादीतून निघालं आणि 'जोडलेली गावं' या यादीत गेलं. वही बंद. आता अंगठा मशीनवर, मशीन नेटवर, आणि नेटाच्या जागी गांधीलमाश्या. घाटमाथ्यावर थोडी रेंज यायची. पण मशीन चोरीला जाऊ नये म्हणून त्यात अशी सोय केलेली, की दुकानाची हद्द ओलांडली की ते मुकं व्हायचं. तीन महिन्यांचं धान्य हैबतीआण्णांच्या रेशन दुकानात थप्पी लावून पडलं होतं. उंदरांना अंगठा लागत नसल्याने त्यांचं बरं चाललं होतं. आणि नियम असा, की सलग तीन महिने ज्या कार्डावर उचल नाही ते कार्ड बंद. तीन महिने त्या एकतीस मार्चच्या संध्याकाळी भरत होते. कार्डं चौसष्ट.

त्यातलं एक अनशीकाकीचं. काकी आमच्या शेजारची, एकटी बाई. रानातला हिरडा गोळा करायचा, फोडायचा, वाळवायचा, हा तिचा धंदा. फेब्रुवारीपासून ती नाचणीच्या पेजेवर होती, आणि सकाळची पेज संध्याकाळी पाणी घालून पुन्हा सकाळचीच करत होती. जानेवारीत तिनं मला एकदा विचारलं होतं, "निवास, आपल्यात नेट हाय असं त्या मशीनला सांगितलं कुनी रं?"

"वरून आलंय, काकी," मी म्हटलं होतं.

तिनं मान वर करून छपराकडं बघितलं होतं. आणखी काही विचारलं नव्हतं.

तर, साहेब आकडा लिहून झाल्यावर निघायच्या बेतात होते. पण सत्काराशिवाय पाहुणा सोडणं ही गोष्ट पाथरघळात बसत नाही. इथं एकदा रस्ता चुकलेल्या टेम्पोवाल्यालाही शाल-नारळ दिला होता. शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडल्या, खुर्च्या आल्या, माईक आला. सत्काराचे फोटो पोर्टलवर चढवायचेत असं सांगून मी ड्रायव्हरकडून जीपच्या नेटाचा पासवर्ड घेतला. पासवर्ड 'जयहिंद' आणि पुढं एक-दोन-तीन असा होता. हेरांना तो फोडायला किमान चहा तरी संपवावा लागला असता.

पासवर्ड घेऊन मी पळत पटांगणालगतच्या दुकानात गेलो आणि तो हैबतीआण्णांच्या मशीनमध्ये घातला. तीन महिने मुकं असलेलं ते मशीन घसा खाकरल्यासारखं करकरलं आणि बाईच्या आवाजात म्हणालं, "कृपया अंगठा ठेवा."

आण्णांनी दोन्ही हात जोडले. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणीच आलं. "बोललं रं. आई शप्पथ, बोललं."

"किती वेळ लागेल, आण्णा?"

"पोती मापून, नावं टाकून तवाच ठिवल्यात. नुसता अंगठा नि पावती. एकाला दीड मिनिट धर." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "पावनेदोन तास. जीप किती वेळ हाय?"

"शाल, नारळ, बापूंचं भाषण, साहेबांचं भाषण. वीस मिनिटं."

"आन त्याच्या म्होरं?"

"त्याच्यापुढं आभारप्रदर्शन. ते माझ्याकडं आहे."

आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं लोक पुरात होडीवाल्याकडं बघतात.

ठरलं असं: एकेका घरानं गुपचूप उठायचं, दुकानात अंगठा द्यायचा, पोतं घ्यायचं आणि सभेत परत येऊन बसायचं, म्हणजे सभा रिकामी दिसणार नाही. किती कार्डं उरली ते आण्णा दारातून बोटांनी दाखवणार.

भाषणं झाली. बापू चार मिनिटं बोलले, त्यातली तीन पाटीवर. साहेब सहा मिनिटं बोलले आणि घड्याळाकडं बघून बसले. त्यांना चार वाजता जिल्ह्याला बैठक होती. अकरा पन्नासला मी माईक हातात घेतला.

सुरुवात रीतसर केली. साहेबांचे आभार. ड्रायव्हरचे आभार. जीपचे आभार. मग जीपच्या चारही टायरचे वेगवेगळे, पुढच्या डावीकडून सुरू करून. "स्टेपनी आज रस्त्यावर उतरली नाही," मी म्हटलं, "पण गरज पडली असती तर उतरली असती. अशा तयारीत राहणाऱ्यांचे आभार कुणी मानत नाही. आपण मानू."

टाळ्या पडल्या. पाच घरं उठून गेली.

मग शालीचे आभार. शाल विणणाऱ्याचे. नारळाचे, नारळाच्या झाडाचे, आणि पडताना कुणाच्या डोक्यात न पडल्याबद्दल त्या नारळाचे पुन्हा एकदा. माईकचे. माईक कधी कधी बंद पडतो त्याबद्दल त्याचे विशेष. मग बत्तीस किलोमीटर पाईप घालणाऱ्यांचे, आणि तार घालायला न आलेल्यांचे, कारण ते आले असते तर गांधीलमाश्यांनी कुठं जायचं होतं?

साहेब शाल पांघरून स्थिर बसले होते. त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. ते सभेकडं बघत होते. सभेचं काय झालं होतं, तर माणसं सतरंजीवरून उठून जात आणि येऊन पोत्यावर बसत. तासाभरात निम्मी सभा दीड फूट वर आली. पुढची माणसं उंच झाल्यानं मागच्यांना मी दिसेना, म्हणून तीही उठून गेली आणि उंच होऊन आली. इतिहासात इतकी धान्यसंपन्न सभा झाली नसेल.

साडेबाराला ड्रायव्हरनं येऊन साहेबांच्या कानात काही सांगितलं. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "अजून बरेच आहेत का?"

"गैरहजर असलेले राहिलेत, साहेब. त्यांचे आभार न मानता कसं चालेल? ते आले असते तर गर्दी झाली असती."

साहेबांनी ड्रायव्हरला हातानं थांब म्हणून खूण केली. बापू दात-ओठ खात पुटपुटले, "आटप, गाढवा." मी गाढवांचेही आभार मानले. पाईपाच्या कामावर विटा त्यांनीच वाहिल्या होत्या.

एकला आण्णांनी दारातून दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. सव्वाला चार. एक वाजून वीस मिनिटांनी एक.

मग एकच.

मग बराच वेळ एकच.

मी बोलता बोलता थांबलो की दुकानातून तो आवाज ऐकू यायचा: "बोट जुळले नाही. पुन्हा प्रयत्न करा." आत अनशीकाकी होती. हिरड्याचा रस एकदा हाताला लागला की महिनोन्‌महिने जात नाही, आणि काकीच्या हाताला तो तीस वर्षं लागत होता. तिचा अंगठा काळा आणि तळव्यासारखा गुळगुळीत होता. त्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. आण्णांनी लिंबू चोळलं, रॉकेल लावलं, राख लावली. मशीन प्रत्येक वेळी तितक्याच गोड आवाजात नाही म्हणत होतं.

आणि माझे आभार संपले. खरंच संपले. मी आयुष्यात पहिल्यांदाच, बोलायला काही नाही म्हणून गप्प उभा राहिलो. त्रेसष्ट पोत्यांवरून माणसं माझ्याकडं बघत होती. ड्रायव्हर टपावरचा डबा बंद करायला शिडीवर चढायला लागला. साहेब शाल घडी करत उठले.

"शेवटचे आभार," मी म्हटलं, "माझे मानायचे राहिलेत."

बापू म्हणाले, "तुझं कशाला रं?"

"कारण हा सोहळा माझ्यामुळं आहे. डिसेंबरात तालुक्याला आम्हा परिचालकांकडून संगणकावर एक तक्ता भरून घेतला. त्यात प्रश्न होता, तुमच्या गावात इंटरनेट चालू आहे का? हो किंवा नाही. मी 'नाही' दाबलं. तर तक्त्यानं सांगितलं, नेट नसल्याचा फोटो गावातूनच, त्याच क्षणी काढून चढवा. नेट नसलेल्या गावातून फोटो चढवायला नेट लागत होतं. मी दोनदा 'नाही' दाबलं. तिसऱ्यांदा दाबायच्या वेळी स्टँडवर साडेचारची गाडी लागली. ती शेवटची. मी 'हो' दाबलं आणि गाडी पकडली. खिडकीची जागा मिळाली."

माझ्या विनोदांना आमच्या गावात लोक हसतात; हा विनोद नाही हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"तीन महिने तुम्ही दिल्लीला शिव्या दिल्या, मुंबईला दिल्या," मी म्हटलं. "मी पण दिल्या. जोरजोरात दिल्या. त्या सगळ्या माझ्या होत्या."

तेवढ्यात दुकानातला आवाज स्वच्छ ऐकू आला. "बोट जुळले नाही. पुन्हा प्रयत्न करा."

साहेबांनी मान वळवून दुकानाकडं बघितलं. मग पोत्यांकडं. मग शिडीवरच्या ड्रायव्हरकडं.

बापू घाईनं पुढं झाले. "साहेब, पोरगं बावळट हाय. त्याचं काय मनावर घिऊ नका. आकडा बेचाळीस आलाय नव्हं? पाटीचं तेवढं..."

"सरपंच," वाघुळदे साहेब म्हणाले, "बसा."

ते स्वतःही बसले. घडी केलेली शाल उलगडून पुन्हा खांद्यावर घेतली. ड्रायव्हरला म्हणाले, "खाली ये. आभारप्रदर्शन अर्धवट सोडून जाणं बरं दिसत नाही." आणि मला म्हणाले, "चालू द्या. सविस्तर माना."

मी पुन्हा माईक तोंडाशी नेला. काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक आठवड्याच्या वारांचे आभार मानले असावेत. आण्णांनी काकीचा अंगठा सोडला आणि एकेक बोट लावायला सुरुवात केली. उजव्या हाताची संपली. डाव्याची चार संपली. एक वाजून एकतीस मिनिटांनी डाव्या करंगळीवर मशीन थबकलं, आणि अख्ख्या सभेनं ऐकलं: "पडताळणी यशस्वी."

सगळ्यात आधी टाळी साहेबांनी वाजवली. आकडा लिहिताना ज्या चेहऱ्यानं लिहिला त्याच चेहऱ्यानं.

आभारप्रदर्शन एक तास एक्केचाळीस मिनिटं चाललं. जीप निघण्याआधी साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आता तो तक्ता भरा. 'नाही' म्हणून. आत्ता गाडी इथं आहे, फोटो चढेल."

मी केशरी पाईपाचा फोटो काढला, माश्यांसकट. चार सेकंदांत चढला. पाचव्या सेकंदाला उत्तर आलं: 'आपला फोटो गावातून, त्याच क्षणी प्राप्त झाला. यावरून गावात इंटरनेट सुरू असल्याचे सिद्ध होते. तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "पद्धत म्हणून बरोबर आहे," ते म्हणाले. जीपचं दार लावताना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे धान्य महिन्याच्या कितव्या तारखेपर्यंत उचलायचं असतं?"

"शेवटच्या."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. आधी तारीख टाकली.

काकी दुकानाच्या पायरीवर पोतं टेकवून बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्या दिशी साडेचारच्या गाडीनं आलास नि माझ्या दारावरनं तसाच गेलास. एक चेष्टा केली न्हाईस. ल्हानपनापासनं कवा गेलायस व्हय तसा?" तिनं काळ्या बोटांनी पदर सावरला. "म्हनलं, ह्यानं काय तरी केलंय. सांगंल कवातरी."

"मग विचारलं का नाहीस?"

"इचारलं की. तू छप्पर दावलंस." ती उठली. "चल, उचल आता. पस्तीस किलो हाय. आन आजच्याला पेज न्हाई, भात हाय. जेवायला ये."

मी पोतं उचललं. वाटेत ते एकदाही खाली ठेवलं नाही.

पुढचं थोडक्यात. पाटी आली. वही काही परत सुरू झाली नाही. माझं कंत्राट पुढं वाढलं नाही. कारण 'गाव जोडलेले असल्याने परिचालकाची आवश्यकता नाही' असं दिलं होतं. साहेबांनी अहवालात काय लिहिलं हे मी माहिती अधिकारात विचारलं. उत्तर आलं, की सदर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध असून, आपले गाव जोडलेले असल्याने ती आपणास घरबसल्या पाहता येईल.

पण तीस एप्रिलला जीप पुन्हा आली. फेरपडताळणी, साहेब म्हणाले. आकडा स्थिर आहे की नाही ते बघावं लागतं. एकतीस मेला तिसऱ्यांदा आली. भर पावसात, चिखलात रुतत, ढकलत आणलेली जुलैतही आली. ऑक्टोबरपर्यंत सात फेरपडताळण्या झाल्या, सात शाली झाल्या. माझी नोकरी गेली होती, पण आभारप्रदर्शन माझ्याकडंच राहिलं. बेचाळीसचा आकडा दर वेळी स्थिर निघाला. त्याबद्दल साहेब आणि मी कधी एक अक्षर बोललो नाही. नोव्हेंबरात त्यांची बदली झाली.

आता घाटावर टॉवर झालाय. ढग नसतील तर महिन्यातले चार-सहा दिवस मशीन बोलतं. काकी डावी करंगळी हिरड्याला लावत नाही. फोडताना ती बाजूला ताठ धरते, चहाचा कप धरणाऱ्या मडमेसारखी. मी तालुक्याला झेरॉक्सचं दुकान टाकलंय. त्याच तक्त्याची छापील प्रत भरायला लोक माझ्याकडं येतात, आणि 'हो' लिहायच्या आधी मी त्यांना गाडी किती वाजताची आहे ते विचारतो.

आणि दर वर्षी एकतीस मार्चला मी एक अर्ज करतो. आजवर आठ केले. यंदाचा खाली देत आहे.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी (जे कोणी असतील ते),

विषय : मौजे पाथरघळ येथे फेरपडताळणी सुरू ठेवणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर गाव पूर्णतः जोडलेले असल्याने तेथील जोडणी दर महिन्याच्या शेवटच्या तारखेस तपासणे आवश्यक आहे. सबब, श्री. वाघुळदे यांना, ते सेवानिवृत्त झाले असले तरी, टपावरील डब्यासह त्याच जीपने नियमित पाठविण्यात यावे. शाल व श्रीफळ ग्रामस्थ देतील. आभारप्रदर्शन अर्जदार स्वतः करील; त्यास वेळेची मर्यादा नसावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
निवास शेलार